एडवर्ड ब्लायडन

एडवर्ड विल्मट ब्लायडन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३२ रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावर झाला. उच्च शिक्षणासाठी १८५० साली ते अमेरिकेत गेले. पण रंगाने काळे म्हणून त्यांना कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. तरीही ते खचले नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया हा कृष्णवर्णीयांचा देश १८४७ साली स्वतंत्र झाला होता. ब्लायडन तेथे गेले. शिकता शिकता ते शिक्षक झाले, मग प्राध्यापक झाले आणि १८६४ साली देशाचे परराष्ट्रमंत्री झाले.

देशाच्या आतल्या भागातील अनेक मुसलमान अरबी लिहीत-वाचत. त्यांच्याशी नाते जोडावे म्हणून ब्लायडन १८६६ साली लेबनॉनला जाऊन अरबी शिकले. परत आल्यावर त्यांनी कॉलेजात ती भाषा शिकवली.

आफ्रिकेचे लोक कोणाहूनही कमी नाहीत, त्यांनी एक व्हावे, हा विचार त्यांनी आपल्या ग्रंथांतून मांडला. स्वतः ख्रिस्ती असून १८८७ च्या ग्रंथात त्यांनी आफ्रिकेतील इस्लामच्या कार्याचा गौरव केला. १९०१ पासून सिएरा लिओनमध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ७ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रीटाऊन येथे त्यांचे निधन झाले.

ज्यांना शिक्षणाचे दार बंद झाले, त्यांनीच ते इतरांसाठी उघडले.