सिसेरो आणि सिसिलीची फिर्याद

सत्र न्यायालयात खुनाचा किंवा दरोड्याचा खटला चालतो, तेव्हा आरोपीच्या बाजूने एक वकील उभा असतो. गुन्हा सिद्ध करण्यासाठी दुसरा वकील उभा असतो. त्याला सरकारी वकील म्हणतात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला या वकिलाची फी द्यावी लागत नाही. गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध आहे, असे कायदा मानतो.

प्राचीन रोममध्ये मात्र सरकारी वकील नव्हता. गुन्हेगार कितीही मोठा असो, कोणातरी नागरिकाने स्वतः पुढे येऊन त्याच्यावर आरोप ठेवावा लागे. कोणी पुढे आले नाही, तर खटलाच उभा राहत नसे. असे धाडस ज्यांनी केले, त्यांत सिसेरोचे नाव फार प्रसिद्ध आहे.

मार्कस तुलियस सिसेरो याचा जन्म इ.स.पू. १०६ मध्ये इटलीतील आर्पिनम या लहानशा गावी झाला. घरची स्थिती चांगली होती. पण त्या घराण्यातील कोणीही रोममध्ये मोठ्या पदावर पोहोचलेले नव्हते. सिसेरोने रोममध्ये राहून कायदा, तत्त्वज्ञान आणि वक्तृत्व यांचा अभ्यास केला. इ.स.पू. ८० मध्ये रॉशियस नावाच्या माणसावर वडिलांच्या खुनाचा आरोप आला. या प्रकरणात सत्ताधीश सुल्ला याच्या मर्जीतील एक माणूस गुंतलेला होता. म्हणून रॉशियसची बाजू मांडायला मोठे वकील तयार नव्हते. तरुण सिसेरो उभा राहिला आणि रॉशियस सुटला. या खटल्यामुळे सिसेरोचे नाव झाले.

इ.स.पू. ७५ मध्ये तो सिसिली बेटावर खजिन्याचा अधिकारी म्हणून गेला. सिसिली तेव्हा रोमच्या ताब्यात होते आणि रोमला तेथून धान्य मिळत असे. सिसेरोने आपले काम प्रामाणिकपणे केले. तेथील लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला.

पुढे इ.स.पू. ७३ मध्ये वेरेस हा सिसिलीचा सुभेदार झाला. तीन वर्षे त्याने बेट अक्षरशः लुटले. शेतकऱ्यांकडून ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य उकळले. देवळांतील मूर्ती काढून नेल्या. न्याय विकला. गावियस नावाच्या एका रोमन नागरिकाला त्याने क्रूसावर चढवून मारले. नागरिकाला अशी शिक्षा देणे रोमच्या कायद्याविरुद्ध होते. कित्येक शेतकरी जमिनी सोडून निघून गेले.

सुभेदारांनी उकळलेला पैसा लोकांना परत मिळावा म्हणून रोममध्ये इ.स.पू. १४९ पासून एक खास न्यायालय होते. पण तेथे फिर्याद कोण मांडणार? सिसिलीचे लोक सिसेरोकडे आले. तोवर सिसेरो आरोपींचा बचाव करीत असे. या वेळी त्याने आरोप ठेवण्याचे काम हाती घेतले.

पहिली अडचण लगेच आली. केसिलियस नावाचा दुसरा एक माणूस हा खटला मागू लागला. तो पूर्वी वेरेसच्याच हाताखाली अधिकारी होता. खटला त्याच्या हाती गेला असता, तर तो मुद्दाम ढिला चालवला जाण्याची भीती होती. आरोप कोणी ठेवायचा हे आधी न्यायालयाला ठरवावे लागले. न्यायालयाने सिसेरोची निवड केली.

पुरावा गोळा करण्यासाठी सिसेरोला ११० दिवस मिळाले. हाताशी पोलीस नव्हते, तपास अधिकारी नव्हते. आपला चुलतभाऊ लुसियस याला घेऊन तो स्वतः सिसिलीला गेला. ५० दिवसांत तो बेटभर फिरला. गावोगावी त्याने साक्षीदार शोधले आणि हिशेबाच्या वह्या तपासल्या. सिराक्यूज शहरातील एका वहीत वेरूकियस या नावाने मोठ्या रकमा लिहिलेल्या होत्या. या नावाची सुरुवातीची अक्षरे जशीच्या तशी होती. पुढची अक्षरे मात्र खोडून पुन्हा लिहिलेली दिसत होती. त्या नावाचा माणूस कोण, हे कोणालाच सांगता येईना. मूळ नाव वेरेसचे होते, हे उघड झाले. सिसेरोने त्या पानांची हुबेहूब नक्कल करून घेतली.

वेरेसचा वकील हॉर्टेन्सियस हा रोममधील नामवंत वक्ता होता. पुढच्या वर्षी तो रोमच्या सर्वोच्च पदावर बसणार होता. न्यायालयाचा प्रमुखही नव्या वर्षी बदलणार होता आणि नवा प्रमुख वेरेसच्या मित्रांपैकी होता. म्हणून खटला लांबवायचा, असा वेरेसच्या लोकांचा डाव होता. सिसेरोने तो ओळखला. इ.स.पू. ७० च्या ऑगस्टमध्ये खटला सुरू झाला, तेव्हा त्याने रिवाजाप्रमाणे लांबलचक भाषण केले नाही. थोडक्यात आरोप सांगून त्याने लगेच साक्षीदार उभे केले. नऊ दिवस साक्षी झाल्या. निकाल लागण्याआधीच वेरेस रोम सोडून मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्से शहरात, निघून गेला. तो दोषी ठरला. लुटीची पूर्ण भरपाई मात्र सिसिलीला मिळाली नाही.

या विजयानंतर सिसेरो वाढत गेला. इ.स.पू. ६३ मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला. त्या वर्षी राज्याविरुद्ध एक कट उघडकीस आला. सिसेरोने पाच कटवाल्यांना रीतसर खटला न चालवताच मृत्युदंड दिला. न्यायालयात पुराव्यासाठी झगडणाऱ्या माणसाने येथे न्यायालयाची वाट पाहिली नाही. याच कारणावरून इ.स.पू. ५८ मध्ये त्याला देश सोडावा लागला. पुढच्या वर्षी तो परत आला. नंतर त्याने अँटनीविरुद्ध कडक भाषणे केली. त्याचा सूड म्हणून इ.स.पू. ४३ मध्ये अँटनीच्या माणसांनी त्याला ठार मारले. त्यालाही न्यायालय मिळाले नाही.

सिसिलीला सिसेरो भेटला, हे तिचे नशीब. पण न्याय नशिबावर सोडून चालत नाही. रोममध्ये पुढे बादशहांच्या काळात काही लोक आरोपीच्या मालमत्तेतील वाटा मिळावा म्हणून खोटे आरोप करू लागले. कोणीही आरोप ठेवावा, या पद्धतीची ही दुसरी बाजू होती. फ्रान्समध्ये राजाची बाजू मांडणारे खास वकील नेमले जाऊ लागले. राजा चौथा फिलिप याच्या इ.स. १३०३ च्या फर्मानात त्यांच्या शपथेचा उल्लेख आहे. हे वकील प्रथम राजाचे हक्क व उत्पन्न सांभाळत. हळूहळू गुन्हेगारांवर खटले भरणे हे त्यांचे मुख्य काम झाले. याच पदातून युरोपातील अनेक देशांचे सरकारी वकील पुढे आले.

भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सरकारी वकिलाच्या नेमणुकीचे नियम होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हे पद तिच्यातही कायम आहे. एखादी गरीब विधवा किंवा मजूर न्यायालयात जातो, तेव्हा त्याला सिसेरोसारखा कोणी शोधत फिरावे लागत नाही. मात्र सरकारी वकिलाचे काम कसेही करून शिक्षा मिळवणे हे नाही. खरा पुरावा न्यायालयापुढे ठेवणे, हे त्याचे काम आहे. सिसेरोने ते सिसिलीसाठी केले. कटवाल्यांच्या वेळी मात्र तो ते विसरला.