झ्विकीची गच्ची

एप्रिल-मेच्या रात्री रिद्धपूरला गच्चीवर बाज टाकून पडलात की एकदा चित्राचा तारा शोधा. तिथून उत्तरा फाल्गुनीकडे जाताना आभाळ रिकामं वाटतं ना? त्या पट्ट्यात हजारावर दीर्घिका दाटीने आहेत. नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. १९३४ साली फ्रिट्झ झ्विकी नावाचा माणूस रात्रीमागून रात्र त्यांचेच फोटो काढत होता. तोही गच्चीवरूनच, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या.

जन्म १८९८चा, बल्गेरियातल्या वार्नाचा. सहाव्या वर्षी शिकायला स्वित्झर्लंडला धाडला, १९२५ मध्ये अमेरिकेत आला. डोकं अफाट, जीभ तिखट. दीर्घिकांच्या समूहात न दिसणारं कृष्णद्रव्य असलं पाहिजे, हे त्याने १९३३ मध्येच मांडलं. लोकांनी मनावर घ्यायला चाळीसेक वर्षं लावली. (जिभेचाही त्यात वाटा असणारच!)

पुढच्याच वर्षी वॉल्टर बाडेसोबत त्याने सांगितलं, की काही तारे प्रचंड स्फोटाने फुटतात आणि मागे न्यूट्रॉन तारा उरतो. ठीक, पण असे अतिनवतारे दाखवायचे कसे? एका दीर्घिकेत असा स्फोट शंभर वर्षांत जेमतेम एखाद-दुसरा. एकीकडेच डोळे लावून बसलात तर जन्म जाईल. मग हजारो दीर्घिकांवर एकदम नजर ठेवायची, आजचा फोटो जुन्या फोटोशी ताडायचा, नवा ठिपका दिसतो का बघायचं. गच्चीवर दोन वर्षं त्याने हेच केलं. हाती काय लागलं? एकही नाही.

गड्याने हिशेब सोडला नाही, कॅमेरा बदलला. मोठ्या दुर्बिणींना आभाळाचा नखाएवढा तुकडा दिसायचा. बर्नहार्ड श्मिटने मात्र रुंद आभाळ स्वच्छ टिपणारी रचना शोधली होती. तशी १८ इंची दुर्बीण १९३६ मध्ये पालोमार डोंगरावर बसली आणि १९३७ मध्ये अतिनवतारे सापडू लागले. १९७४ मध्ये तो गेला, तोवर त्याच्या नावावर शंभराहून जास्त होते.

त्याच डोंगरावरच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीवर २०१८ पासून त्याच्या नावाचं सर्वेक्षण चालू झालं. ते उभं करण्यात पुढे होते आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. त्याच्या एका फोटोत पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढं आभाळ येतं. जुन्या फोटोशी ताडायचं काम तिथे संगणक करतो. २०२४ अखेर त्यातून ओळख पटलेले अतिनवतारे दहा हजारांच्या वर गेले.