नहपान : नाण्यांत उरलेला राजा

इ. स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास नाशिक, जुन्नर, कार्ले या प्रदेशावर क्षहरात वंशातील नहपान क्षत्रपाची सत्ता होती. रोमशी भरभराटीचा व्यापार चालण्याचा तो काळ. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा चेहरा व ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० नाणी सापडली. पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्याने स्वतःचा ठसा उमटविला होता. तरी कित्येकांवर खालचा चेहरा ओळखू येतो.

नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेणीत भिक्षूंसाठी लेणे कोरविले. गोवर्धनच्या विणकरांकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. वर्षाचे २४० होतात. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ मिळावयाचे. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. नाण्यावर दुसऱ्याचा ठसा बसला. दानाचा हा लेख मात्र आजही भिंतीवर तसाच आहे.