आनंदीबाईंचे शेवटचे आजारपण

डॉ. आनंदीबाई जोशी सर्वांना ठाऊक आहेत त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली मराठी मुलगी म्हणून. त्यांच्या आजारपणाची चर्चा मात्र कमी होते. दुर्धर आजारात डॉक्टरांचे औषध घ्यावे की वैद्यांचे, हा आजही घरोघरी पडणारा प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला होता.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील त्या यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण तो १० दिवसच जगला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही खंत त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली.

अमेरिकेला जाण्यापूर्वीच, कलकत्त्यात असताना, डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा त्यांच्या मागे लागला होता. पत्रांतून स्नेह जडलेल्या थिओडिशिया कार्पेंटर तिकडून औषधे पाठवत, पण गुण येत नव्हता. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागल्या. तिथली थंडी आणि परक्या मुलखात सांभाळलेला शाकाहार यांत प्रकृती आणखी ढासळली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्यात आपल्याकडचे जुने वैद्यक आणि अमेरिकी पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला होता.

त्यांना क्षय झाला होता. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधले होते, पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न, कॉड माशाचे तेल आणि खोकल्यासाठी अफूची औषधे, एवढेच तेव्हाच्या पाश्चात्त्य डॉक्टरांच्या हाती होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, पण कामावर रुजू होण्याइतके बळ उरले नव्हते. पुण्यात वैद्यांचे उपचार सुरू झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्या गेल्या. त्यांच्या अस्थींचा काही भाग कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आला आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे तो ठेवला गेला.

वैद्यांकडे जाऊन आनंदीबाईंनी काही गमावले नाही. सोडून द्यावे असे खात्रीचे औषधच तेव्हा जगात कुठे नव्हते. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडले. आज साधा क्षय ६ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

कॅन्सरच्या बाबतीत हाच फरक लक्षात ठेवायला हवा. पेठसारख्या तालुक्यात छातीत गाठ लागली की अनेकदा आधी वैदू किंवा भगत गाठला जातो. गाठ दुखत नाही, म्हणून झाडपाल्यावर महिने जातात. वेळीच आली असती तर बरी होऊ शकणारी बाई नाशिक-मुंबईला पोहोचते तेव्हा आजार पसरलेला असतो. इथे गमावण्यासारखे खूप असते.

याचा अर्थ पूरक उपचार टाकाऊ आहेत असा नाही. योगासने, श्वसनाचे व्यायाम, हलका मसाज, भजन-संगीत यांनी काही रुग्णांची चिंता, थकवा, झोपेची तक्रार कमी होते. ते मूळ उपचाराच्या जोडीने करावेत, त्याच्या जागी नव्हे. गाठीवर किंवा रेडिएशन दिलेल्या त्वचेवर मसाज करू नये. केमोथेरपी चालू असताना काढा, भस्म, चूर्ण घ्यायचे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. काहींचा यकृतावर, मूत्रपिंडावर परिणाम होतो, तर काहींमुळे केमोच्या औषधाचा असर बदलतो. डॉक्टरांनीही असे विचारणाऱ्याला रागावू नये. रागावले की रुग्ण औषध थांबवत नाही, फक्त सांगणे थांबवतो.

आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला, तरी उपचार संपत नाहीत. वेदनेवर मॉर्फिन, धाप आणि मळमळीवर औषधे, जखमेची स्वच्छता आणि घरच्यांना धीर, यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्या वेळी रुग्णाला मानवेल तो लेप, आवडेल ते अन्न आणि जवळचे माणूस यांनाही औषधाइतकीच जागा असते.