सत्ता आणि स्वत्व : लोकनायक अण्यांचा वारसा

परकी सत्ता निघून गेली तरी तिने घडविलेली मनोवृत्ती तिच्याबरोबर जात नाही. जी सत्ता आपण निर्माण केली नाही तिच्याशी कसे वागावे, हा प्रश्न जित समाजाला अनेक पिढ्या सोडवावा लागतो. तिच्यावर बहिष्कार घालावा, तिची कृपा संपादावी, की तिनेच दिलेल्या साधनांनी आपला हक्क पदरात पाडून घ्यावा? विदर्भात या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला त्यांत लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांचे स्थान अग्रभागी आहे. राज्याच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्याने तर त्यांचे चरित्र आवर्जून अभ्यासावे असे आहे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. त्यांचा वऱ्हाड प्रांत म्हणजे राजकीय विसंगतीचा एक नमुनाच होता. १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये सालिना २५ लाख रुपये खंडाने तो कायमचा पट्ट्याने दिला गेला आणि पुढल्याच वर्षी मध्यप्रांताला जोडण्यात आला. कारभार इंग्रजांचा, कागदोपत्री मालकी निजामाची आणि रयतेला मात्र कोणीच विचारलेले नाही, अशी ही स्थिती होती. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा-गोंदियाचा मुलूख भोसल्यांच्या राज्याबरोबर १८५४ मध्ये खालसा झाला होता. दोन वेगळ्या मार्गांनी पारतंत्र्यात आलेले हे दोन मराठी प्रदेश हिंदी भाषकांचे बहुमत असलेल्या एका प्रांतात एकत्र नांदू लागले.

यवतमाळला वकिली करणारे बापूजी लोकमान्यांचे निष्ठावंत अनुयायी होते. लोकमान्यांची प्रतियोगी सहकारिता त्यांनी केवळ घोषणा म्हणून स्वीकारली नाही. मिळेल तो अधिकार घ्यावा, तो लोकहितासाठी राबवावा आणि उरलेल्यासाठी झगडा चालू ठेवावा, हा तिचा आशय होता. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या इतिवृत्तात त्यांची नोंद वऱ्हाडचे प्रतिनिधी अशीच होत असे. परंतु कायदेमंडळात बसणारा हाच गृहस्थ जुलै १९३० मध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडतो आणि तुरुंगात जातो. सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पुढे १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद होताच पंडित मालवीयांसह वेगळा पक्ष काढण्यासही ते कचरले नाहीत.

१९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश केला, तेव्हा अनेकांना तो तत्त्वच्युतीचा प्रकार वाटला. तथापि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण आरंभिले आणि सरकार त्यांना मुक्त करण्यास तयार होईना, तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. खुर्ची त्यांना वर्ज्य नव्हती आणि अनिवार्यही नव्हती. त्यांच्या राजकारणाचे मर्म याच गोष्टीत आहे.

या वृत्तीला दूरदेशी एक बोलके साम्य आढळते. १७६३ च्या तहाने कॅनडातील फ्रेंच भाषक इंग्रजांचे प्रजाजन झाले. १८३७ चा त्यांचा उठाव मोडला गेला आणि त्यांना इंग्रजी समाजात विलीन करण्याच्या हेतूने १८४१ मध्ये दोन प्रांतांचे एकीकरण झाले. लाफोंतेन या त्यांच्या नेत्याने त्या विधिमंडळावर बहिष्कार घातला नाही. इंग्रजी भाषक सुधारकांशी युती करून त्याने १८४८ मध्ये जबाबदार मंत्रिमंडळ मिळविले. गिळून टाकण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेतूनच त्या समाजाने आपले स्वत्व राखले. पुढे १९६० नंतर क्वेबेकने शिक्षण व आरोग्य यांची सूत्रे चर्चकडून प्रांतिक सरकारकडे आणली आणि १९८० व १९९५ मध्ये वेगळे होण्याचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला. दुसऱ्या खेपेस तो सुमारे एक टक्क्याच्या फरकाने फेटाळला गेला. निकाल काहीही असो, लोकांना विचारले गेले.

विदर्भाला तसे कधी विचारले गेले नाही. फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये भंडाऱ्यासह आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती बाजूला ठेवून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. नागपूरचे राजधानीपद संपले. शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि सोयरीकसंबंधांतून राज्याची सीमा गेली. बिहारचे राज्यपालपद भूषविलेल्या अण्यांना तेव्हा स्वस्थ बसता आले असते. पण वयाची ऐंशी उलटल्यावर, १९६२ मध्ये, विदर्भवादी अपक्ष म्हणून ते नागपुरातून लोकसभेवर निवडून आले. क्वेबेकची मागणी भाषेसाठी होती. अण्यांची मागणी आपल्याच भाषकांच्या राज्यातून वेगळे होण्याची होती. भाषा एक असली म्हणजे सत्ता जवळ येतेच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. २६ जानेवारी १९६८ रोजी ते निवर्तले.

वेगळ्या राज्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या गोंदियाला अण्यांच्या चरित्राचा दुसरा अर्थ अधिक निकडीचा आहे. या भागातील मालगुजारी तलाव पूर्वजांनी श्रमाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, हे न्याय्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले तशी त्यांची चिंताही आपण सरकारवर सोपविली. गाळ साचत गेला, पाटचाऱ्या बुजल्या आणि गाव अर्ज करीत राहिले. १९९९ मध्ये गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, सरकारी कचेऱ्या जवळ आल्या. अर्जदाराची वृत्ती मात्र गेली नाही. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हाही फारशी खळबळ उडाली नाही.

सत्तेपुढे हात पसरणे आणि सत्तेवर रुसून बसणे या दोन्ही पारतंत्र्याच्याच सवयी होत. अण्यांनी तिसरा मार्ग आचरून दाखविला : अधिकार घ्यावा, त्याचा हिशेब मागावा आणि द्यावा, आणि स्वत्वाची किंमत मागितली जाताच तो सोडून द्यावा. ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक ठिकाणी हा हिशेब मागण्याचे धैर्य आपण दाखविले नाही, तर राजधानी मुंबई असो वा नागपूर, आपण प्रजाच राहू.