नटामागे चालणारा आवाज

सिनेमाच्या ब्ल्यू-रे तबकडीतला आवाज जसाच्या तसा उतरवून घेण्याचा नाद मला आहे. या नादात डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी, फ्लॅक ही नावे सहज तोंडी बसतात. मात्र पडद्यावरचा आवाज नेमका कुठून यायला हवा, हा प्रश्न ज्याने फार पूर्वी सोडवायला घेतला, त्या ॲलन ब्लुमलाइनची आठवण त्या मानाने कमीच निघते.

ब्लुमलाइन लंडनचा, जन्म २९ जून १९०३ चा. सातव्या वर्षी दारावरची घंटा दुरुस्त करून त्याने वडिलांना रीतसर बिल दिले होते, अशी गोष्ट सांगतात. पुढे टेलिफोनच्या तारांवर काम करून १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी मिळून ईएमआय झाली. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवरचा कुत्रा त्याच घरातला.

त्याच वर्षी तो डोरीनबरोबर बोलपटाला गेला. (दोन वर्षांनी ती त्याची पत्नी झाली.) नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलत्याच जागेवरच्या एकुलत्या कर्ण्यातून! हे त्याला खटकले. आवाज नटाच्या मागोमाग चालवण्याचा उपाय आपल्यापाशी आहे, असे त्याने तिला सांगून टाकले. १४ डिसेंबर १९३१ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यात ७० दावे होते. एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरणे त्यात होते, तशीच वाहिन्यांची बेरीज-वजाबाकीही होती.

मला या बेरीज-वजाबाकीचे विशेष कौतुक वाटते. डाव्या-उजव्या वाहिन्यांत पुष्कळसे सारखेच असते. त्यांची बेरीज आणि वजाबाकी ठेवली तर वजाबाकी सहसा लहान निघते, आणि दोहोंतून मूळ डावे-उजवे परत मिळते. ब्लुमलाइनने ही युक्ती आवाजाची दिशा साधण्यासाठी वापरली. आज दोन वाहिन्यांचे फ्लॅक तीच युक्ती जागा वाचवण्यासाठी वापरते. ट्रूएचडीही वाहिन्यांमधले साम्य असेच काढून घेते. लहान आकडे थोड्या जागेत मावतात आणि उलगडताना एकही बिट हरवत नाही. साधे डॉल्बी डिजिटल मात्र कानाला जाणवणार नाही असे मानून बरेच काही टाकून देते. ते टाकलेले पुन्हा मिळत नाही.

म्हणून आवाज उतरवताना डोळे उघडे ठेवावेत. (तबकडी स्वतःची हवी हे तर झालेच, पण तिचे कुलूप उघडण्याबाबतचा कायदाही देशोदेशी वेगळा आहे.) डीटीएस-एचडीच्या पोटात जुन्या यंत्रांसाठी साध्या डीटीएसचा गाभा असतो. सॉफ्टवेअरला वरचा थर उलगडता आला नाही तर तेवढा गाभाच हाती येतो आणि फाइल निमूट वाजत राहते. सहा वाहिन्यांच्या दोन करू नयेत, फ्लॅकमध्ये आठ मावतात. डॉल्बी ॲटमॉस असेल तर ट्रूएचडीचा प्रवाह आहे तसाच ठेवावा. त्याचे फ्लॅक केले की वाहिन्या उरतात, पण कोणता आवाज कुठून कुठे सरकतो ही नोंद गळून जाते. ब्लुमलाइनला हवे होते ते नेमके हेच!

जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत टॉमस बीचमच्या वाद्यवृंदाची तालीम त्याने दोन वाहिन्यांत मुद्रित केली. १९३५ मध्ये हेझ स्टेशनवरच्या आगगाड्यांची छोटी फिल्म केली. गाडीबरोबर तिचा आवाजही पडद्यावरून सरकतो. पण कंपनीला यात धंदा दिसला नाही. ब्लुमलाइनला दूरचित्रवाणीच्या कामाला जुंपले गेले, आणि तिथेही त्याने थोडेथोडके केले नाही. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली, तीत ४०५ रेषांची जी पद्धत टिकली ती त्याच्या चमूची. त्याच्या नावावर १२८ पेटंटे आहेत.

मग युद्ध आले. अंधारात विमानाखालची जमीन दाखवणाऱ्या एचटूएस रडारची चाचणी घेताना ७ जून १९४२ रोजी हॅलिफॅक्स बॉम्बर विमान हेरफर्डशायरमध्ये कोसळले. आतले अकराही जण गेले. ब्लुमलाइन ३८ वर्षांचा होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बातमी दाबून ठेवण्यात आली. सहकाऱ्यांनी काम तडीस नेले आणि जानेवारी १९४३ मध्ये ते रडार मोहिमेवर गेले.

स्टिरिओच्या तबकड्या बाजारात सर्रास येऊ लागल्या त्या १९५८ मध्ये, खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या घेऊन. पेटंटची मुदत तोवर संपली होती.