माधव श्रीहरी अणे

माधव श्रीहरी अणे ऊर्फ लोकनायक बापूजी अणे (२९ ऑगस्ट १८८०, वणी – २६ जानेवारी १९६८) हे विदर्भातील स्वातंत्र्यसैनिक, कायदेपंडित, संसदपटू, वृत्तपत्र-संस्थापक व संस्कृतचे व्यासंगी होते. लोकमान्य टिळकांचे अनुयायी म्हणून त्यांनी यवतमाळ येथून सार्वजनिक जीवनास आरंभ केला. १९३० च्या वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व, १९३३ मधील काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व आणि स्वतंत्र भारतात बिहारचे राज्यपालपद हे त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे टप्पे होत. १९२८ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

बालपण व शिक्षण

अणे यांचा जन्म वणी येथे झाला. त्या काळी आजचा यवतमाळ जिल्हा 'वणी जिल्हा' या नावाने ओळखला जात असे. जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र यवतमाळला होते. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. घरातील विद्याव्यासंगी वातावरणामुळे लहानपणीच त्यांना संस्कृतची गोडी लागली व ती अखेरपर्यंत टिकली.

उच्च शिक्षणासाठी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अमरावती येथे शिक्षकाचे काम केले. पुढे कायद्याची पदवी मिळवून १९०८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळ येथे वकिली सुरू केली.

यवतमाळमधील सार्वजनिक कार्य

विसाव्या शतकाच्या आरंभीचे यवतमाळ हे कापसाच्या व्यापारावर व सरकारी कचेऱ्यांवर वाढणारे लहान शहर होते. मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंद मापाच्या रेल्वेमुळे ते मुख्य लोहमार्गाशी जोडले गेले. कचेरीतील कामांसाठी, बाजारासाठी व मुलांच्या शाळेसाठी आसपासच्या गावांतील लोक तेथे येत. अशा गावात वकील हा केवळ व्यावसायिक नसे. अर्ज लिहिणे, सभा भरविणे, शाळा व वाचनालये यांच्या कारभारात लक्ष घालणे ही कामेही त्याच्याकडे येत. वऱ्हाडातील राजकीय जागृतीचा मोठा भार या वर्गाने उचलला. अणे यांचे नेतृत्व याच परिस्थितीत घडले.

टिळकांची १९१४ मध्ये मंडालेहून सुटका झाल्यावर त्यांच्या पक्षाचे काम पुन्हा उभे राहिले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि यवतमाळचे अणे हे त्या पक्षाचे वऱ्हाडातील प्रमुख आधार होते. होमरूल चळवळीच्या प्रचारातही अणे यांनी पुढाकार घेतला.

'लोकमत' साप्ताहिक

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास अणे यांनी यवतमाळ येथे 'लोकमत' हे नियतकालिक सुरू केले. हे नाव लोकमान्य टिळकांनी सुचविल्याचे सांगितले जाते. 'केसरी' वऱ्हाडात वाचला जात असे. तथापि जिल्ह्यातील प्रश्न जिल्ह्यातूनच मांडले जावेत यासाठी स्थानिक पत्राची गरज होती. मुंबई वा पुण्याच्या पत्रांत ज्यांना क्वचितच जागा मिळे, अशा प्रश्नांना जिल्ह्याच्या पत्रात वाचा फुटू शकत होती.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात हे पत्र बंद पडले. १९५० च्या दशकात जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळ येथूनच 'लोकमत' या नावाने साप्ताहिक पुन्हा सुरू केले. १९७१ मध्ये नागपूर येथून ते दैनिक झाले व पुढे महाराष्ट्रातील प्रमुख मराठी वृत्तपत्रांत गणले जाऊ लागले.

काँग्रेस व विधिमंडळ

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले. त्याच वर्षी काँग्रेसने महात्मा गांधींचा असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला. टिळकांच्या अनेक अनुयायांना विधिमंडळांवरील बहिष्कार मान्य नव्हता. खापर्डे यांच्यासारखे ज्येष्ठ सहकारी काँग्रेसपासून दूर गेले. अणे मात्र काँग्रेसमध्येच राहिले आणि १९२१ पासून त्यांनी वऱ्हाड प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद सांभाळले. विधिमंडळात जाऊन सरकारला अडविण्याचा मार्ग त्यांना अधिक उपयुक्त वाटत होता. त्यामुळे ते स्वराज्य पक्षात सामील झाले व केंद्रीय विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधित्व करू लागले. पुढे मुकुंदराव जयकर, न. चिं. केळकर व बा. शि. मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकारितेचे धोरण स्वीकारले. भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी १९२८ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचेही ते सदस्य होते.

जंगल सत्याग्रह

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहास आरंभ झाला. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात मीठ तयार करणे हा प्रतीकात्मक उपक्रमच ठरला असता. तेथील लोकांना रोज जाचणारा कायदा जंगलाचा होता. राखीव जंगलातील गवत, सरपण व चराई यांवर सरकारी निर्बंध होते. शेतकऱ्यांना जनावरांच्या चाऱ्यासाठी, तर गोंड, कोलाम आदी आदिवासींना जगण्यासाठी जंगलावर अवलंबून राहावे लागे. म्हणून राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग करण्याचे ठरले.

अणे यांनी विधिमंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळील धुंदी येथील राखीव जंगलात गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला. त्यांना अटक होऊन कारावासाची शिक्षा झाली. त्यानंतर चळवळ वऱ्हाडाच्या इतर भागांत पसरली. त्याच महिन्यात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रहात भाग घेऊन कारावास पत्करला. विधिमंडळाच्या मार्गावर विश्वास असणाऱ्या अणे यांनी कायदेभंगाचे नेतृत्व करावे, ही त्यांच्या राजकीय जीवनातील लक्षणीय घटना मानली जाते.

काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष

१९३३ मध्ये काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी अणे यांच्याकडे आली. मे महिन्यात गांधीजींनी हरिजन कार्यासाठी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले व त्यांची सुटका झाली. गांधीजींच्या सल्ल्यानुसार अणे यांनी कायदेभंगाची चळवळ सहा आठवड्यांसाठी स्थगित केली. युरोपात असलेल्या सुभाषचंद्र बोस व विठ्ठलभाई पटेल यांनी या निर्णयावर कठोर टीका केली. जुलैमध्ये पुणे येथे कार्यकर्त्यांची बैठक झाली. तिच्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह चालू ठेवण्याची घोषणा अणे यांनी केली. पुढे त्यांनाही पुन्हा अटक झाली.

१९३४ मध्ये जातीय निवाड्यासंबंधी काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका त्यांना पटली नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्षाची स्थापना केली.

व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ

१९४१ मध्ये अणे यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले. त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते होते. जंगल सत्याग्रहाच्या नेत्याने परकीय सरकारात पद घेतल्याने अनेक जुने सहकारी नाराज झाले.

ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर लष्कर व पोलिसांनी केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी पुढे आल्या. चिमूर हे अणे यांच्या जन्मगावाच्या शेजारच्या जिल्ह्यातील गाव होते. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी दिल्लीत अणे यांची भेट घेऊन चौकशीची मागणी केली व त्यांच्या निवासस्थानी उपोषण आरंभिले. पुढे हे उपोषण सुमारे दोन महिने चालले. सरकारात राहून जनतेचे हित साधण्याच्या भूमिकेची मर्यादा या प्रसंगाने उघड केली.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेस येथील बंदिवासात उपोषण सुरू केले. त्यांची सुटका करण्यास सरकारने नकार दिल्यावर अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तीन सदस्यांनी १७ फेब्रुवारी रोजी राजीनामे दिले. त्यानंतर अणे यांची सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली.

स्वातंत्र्योत्तर काळ

अणे हे संविधान सभेचे सदस्य होते. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. भारत प्रजासत्ताक होणे व पहिली सार्वत्रिक निवडणूक या दोन्ही घटना त्यांच्या कार्यकाळात घडल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतंत्र विदर्भ राज्याची मागणी लावून धरली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य न होता १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत वयाच्या ८१ व्या वर्षी अणे नागपूर मतदारसंघातून अपक्ष म्हणून विजयी झाले. त्यांचे नातू व ज्येष्ठ विधिज्ञ श्रीहरी अणे हेही पुढे विदर्भ राज्याचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले.

साहित्य

उत्तरायुष्यात अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले. 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या महाकाव्यासाठी त्यांना १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

निधन व स्मृती

२६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, अणे यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. यवतमाळ येथील लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जन्मगावी, वणी येथे, असलेले महाविद्यालय लोकमान्य टिळकांच्या नावाने ओळखले जाते. अशा रीतीने जिल्ह्यातील दोन शहरांच्या शैक्षणिक जीवनात गुरू व शिष्य या दोघांचीही नावे कायम राहिली आहेत.